मस्यू सुरेश यांस

सात वर्षं फ्रेंच शिकले. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात बसून तो 'र' घशातून काढता काढता माझे टॉन्सिल्स कायमचे बिघडले, असं आईचं मत आहे. या तपश्चर्येचं फळ म्हणून आता मी फ्रान्सला निघालेय. इंग्रजी शिकवायला.

तिथल्या शाळांत परदेशातून भाषा-साहाय्यक नेमतात. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास, मुलांना बोलतं करायचं. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रेंचांना इंग्रजी शिकवायला सदाशिव पेठेतली मुलगी? इंग्लंड तिथून किती लांब आहे गं?" मधे समुद्राखालून बोगदा आहे आणि त्यातून आगगाडी जाते, हे मी तिला सांगितलं नाही.

गाव आपण निवडायचं नसतं. विभागांची पसंती कळवायची आणि देवावर हवाला ठेवायचा. मला मिळालं ओरियाक. काकाने फोनवर 'ओरिसा' ऐकलं आणि पुरीच्या एका पंड्याचा नंबर पाठवला. पॅरिसहून रेल्वेने सहाएक तास. कडाक्याची थंडी आणि छत्र्यांचे कारखाने यांसाठी गाव प्रसिद्ध. दहाव्या शतकात इथल्याच मठात शिकलेले गेर्बेर पुढे ९९९ साली पोप झाले. आपले हिंदू-अरबी आकडे युरोपात रुजवण्यात त्यांचा मोठा हात. मात्र त्यांच्या गणनफळ्यावर एक ते नऊच होते, शून्य नव्हतं. ते बहुधा माझ्या बँक खात्यासाठी राखून ठेवलं असावं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग जन्मदाखला मागितला.

माझं बारसं उशिरा झालं आणि नोंद त्याआधीच, त्यामुळे दाखल्यात नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. पालिकेच्या लेखी मी २४ वर्षं नुसती 'स्त्री'. शपथेवर भाषांतर करणारे गृहस्थ फारच प्रामाणिक निघाले. त्यांनी त्या रेघेचंही भाषांतर केलं: 'नेआं'. म्हणजे आपलं सरकारी 'निरंक'. फ्रान्सच्या प्रजासत्ताकात मी कुमारी निरंक म्हणून दाखल होणार होते. मग प्रतिज्ञापत्र, नाव चढवलेला नवा दाखला, त्यावर मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, आणि पुन्हा भाषांतर. दरवेळी कोणीतरी विचारायचंच, "झेरॉक्स आणलीय ना?"

पुढचा रकाना: आईचं जन्मनाव. दाखल्यावर मृणालिनी.
"तेव्हा मी पुष्पा होते," आई म्हणाली. लग्नात तांदळात लिहून बदललेलं नाव, त्याला कागद कुठला? मी कपाळाला हात लावून बसले आणि आई मात्र खुशीत. तिने माहेरच्या ट्रंकेतून स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून आणला, दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी बाबांनी चहासाठी हाक मारली तर म्हणे, "पुष्पा म्हणा, मग मिळेल."

बाबांची गोष्ट त्याहून पुढची. पासपोर्टवर माझं नाव 'मुक्ता सुरेश', मग आडनाव. मधलं नाव वडिलांचं असतं, ही कल्पना फ्रेंच फॉर्मला झेपत नाही. त्याच्या मते ही माझीच दोन नावं. शाळेने त्यातलं हाताला लागेल ते उचललं आणि स्वागताचं पत्र आलं: 'प्रिय मस्यू सुरेश', म्हणजे श्रीयुत सुरेश. बाबांनी त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. रोज ऑफिसला जाताना विचारतात, "माझं तिकीट काढलंस का?"

त्याच पत्रात शेवटी सूचना होती: वर्गात फ्रेंचचा एक शब्दही बोलू नये. तुम्हाला फ्रेंच येतं हे मुलांना कळलं तर ती इंग्रजीत तोंडच उघडणार नाहीत.

काल रात्री बॅग भरली. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत म्हणून तूप बाहेर निघालं. "तूप म्हणजे काय बॉम्ब आहे?" असं म्हणत आईने त्या जागी गोड्या मसाल्याची दुसरी पुडी आणि दुसरी छत्री कोंबली. छत्र्यांच्या गावाला छत्र्या! हुकाच्या काट्याला बॅग लटकवून बाबांनी वाचलं, "साडेचोवीस." परवानगी २३ ची.

मी फ्रेंचचा जाडजूड शब्दकोश काढून कपाटात ठेवला. बरोबर २३ भरलं.