आज्जीला कैकेयीचं बोलणं कळायला हवं होतं

२४ जानेवारी २०२५ ला 'रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा जपानी आणि भारतीय कलाकारांनी मिळून केलेला ॲनिमेशनपट थिएटरला लागला आणि माझ्या वयाच्या कितीतरी कोल्हापूरकरांनी तो पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर बघितला. तोवर आमच्यासाठी तो टीव्हीवरचा पिक्चर होता. या गोष्टीला आता बरेच दिवस झालेत, तरी एक सल मनातनं जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या मंगळवार पेठेत केबल होती, पण सगळ्यांच्या घरी नव्हती. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत कार्टूनच्या चॅनेलवर हा पिक्चर लागला की ज्यांच्याकडं केबल त्यांच्या सोप्यात सगळी गल्ली गोळा व्हायची. मोठी मुलं मागं भिंतीला टेकून, बारकी पुढं फरशीवर. रावणाला अमरीश पुरींचा आवाज, रामाला अरुण गोविल यांचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचं. रावण बोलायला लागला की सोप्यात एक शब्द ऐकू यायचा नाही. मधे जाहिराती आणि त्यात लोडशेडिंगचे दिवस. कुंभकर्ण उठायच्या बेताला लाईट गेली की पुढचं युद्ध आम्ही आपापसात सांगून पुरं करायचो. हा पिक्चर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग बघायला मिळालेला माणूस आमच्या गल्लीत तरी मला माहीत नाही.

तो आपल्या थिएटरांत तेव्हा का आला नाही, हे मोठं झाल्यावर कळलं. युगो साको नावाचा जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये माहितीपट करायला भारतात आला. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरचा तो माहितीपट. त्या निमित्तानं त्याची रामायणाशी गाठ पडली आणि त्यानं जपानीतली एकामागून एक रामायणं वाचून काढली. परदेशी माणसानं रामायणाला हात का लावावा, अशी तक्रार तेव्हाच झाली होती. आपल्या सरकारचीही साथ मिळाली नाही, म्हणून पैसा जपानमधनं उभा राहिला. भारतीय बाजूनं राम मोहन होते, ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात. साडेचारशेच्या आसपास कलाकार राबले. धोतर कसं नेसतात, मुलं थोरांच्या पाया कशी पडतात, आशीर्वाद कसा घेतात, हे आपल्या लोकांनी जपानी चित्रकारांना समजावून सांगितलं. पिक्चर तयार झाला आणि डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत जे घडलं त्यानंतर देशातलं वातावरण असं होतं, की तो सगळीकडं थिएटरला लावणं जमलंच नाही. १९९३ च्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दाखवला गेला, मग हळूहळू टीव्हीवर आला. युगो साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. भारतभरच्या थिएटरांतली गर्दी बघायला दोघंही राहिले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोठ्या पडद्यावर काय वेगळं दिसलं ते आता सांगतो. टीव्हीवर आम्ही माणसं बघायचो. थिएटरात मी पहिल्यांदा मागची चित्रं बघितली. जंगलातल्या झाडांच्या बुंध्यांवर ब्रशचे फटकारे दिसतात. लंकेच्या रात्रीत एकच काळा रंग नाही, निळ्यात, जांभळ्यात बुडालेले किती काळे आहेत. हे सगळं हातानं केलेलं काम. आधी कागदावर चित्र काढायचं, ते सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ पत्र्यासारख्या प्लास्टिकवर, उतरवायचं, मागच्या बाजूनं रंग भरायचा, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एक फोटो घ्यायचा. मग सेल बदलायचा आणि पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ फ्रेम जातात. राम प्रत्यंचा ओढतो तेव्हा त्याच्या खांद्यावरचं वस्त्र किंचित उशिरा हलतं. तो उशीर कुणीतरी विचार करून काढलाय. कॉम्प्युटरवरची चित्रं मला वाईट वाटत नाहीत, पण हा हात मला त्यांत सापडत नाही.

आणि हा हात ओळखायला कोल्हापुरानं चुकूच नये. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं आले. कॅमेरा इथंच घडवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' केला. रंगवलेल्या पडद्यापुढं माणूस उभा करून पौराणिक गोष्ट जिवंत करायची, हे काम या गावानं शंभर वर्षांपूर्वी केलंय. साकोंच्या पिक्चरमधली अयोध्या बघताना मला सारखे ते पडदे आठवत होते, जे मी कधी डोळ्यांनी बघितलेलेही नाहीत.

आता सल. पिक्चर लागला हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. मराठीत नाही.

आम्ही आज्जीला आणि माझ्या पाच वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो होतो. जटायू पडला तेव्हा आज्जी मोठ्यांदा "पडला गं बाई" म्हणाली, पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून मान हलवली. युद्धात तिला काही अडलं नाही. अडलं ते माणसं बोलायला लागल्यावर. मी हळू आवाजात सांगत होतो, राजा असं म्हणतोय, कैकेयी तसं म्हणतीया. शेवटी ती मला म्हणाली, "आरं, ती काय मागतीया त्ये मला ठावं हाय. पर बोलतीया कशी, त्ये कळंना झालंय." दुसऱ्या बाजूला भाची दंडाला धरून विचारत होती, "मामा, काय म्हणाली?" मधे मी बसलेलो आणि दोघींनाही पिक्चर निम्माच पोचत होता.

महाराष्ट्रात हिंदी सगळ्यांना कळतं, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. कुणाला कळतं? पुण्या-मुंबईच्या तरुणाला कळत असेल. गडहिंग्लजच्या, राधानगरीच्या पाच-सहा वर्षांच्या पोराला किती कळतं? आणि लहान मुलांचा पिक्चर तर त्याच्यासाठीच असतो. तमिळ आणि तेलुगू मुलांना तो त्यांच्या भाषेत ऐकायला मिळाला याचा मला आनंद आहे. तोच न्याय आपल्या पोरांना का नको? मी वितरकांना शिव्या घालत नाहीये. मागणीच दिसत नसेल तर डबिंगवर खर्च कोण करणार? मागणी करायचं काम आपलं होतं, ते आपण केलं नाही.

आपल्याच गावातला दाखला आहे. प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जायच्या आधी, कोल्हापुरात असताना, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' तयार झाला. मराठीतला पहिला बोलपट. तो मराठीत केला आणि हिंदीतही केला. तेव्हा डबिंग नव्हतं, प्रत्येक प्रसंग दोन भाषांत वेगळा खेळायचा. बोलपटाचं तंत्र नवीन, साधनं तुटपुंजी, तरी 'मराठी प्रेक्षक हिंदी समजून घेईल' असं म्हणून ते थांबले नाहीत.

रामायणाची मराठीही आपल्याकडं घडवून तयार आहे. 'गीतरामायण' ऐकत आज्जीची पिढी वाढली आणि त्याला चाली देणारे सुधीर फडके मूळचे कोल्हापूरचेच. साकोंच्या पिक्चरमधली संस्कृत गाणी वसंत देवांनी लिहिली, म्हणजे मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या माणसानं. मराठीतनं बाहेर एवढं गेलंय. एक पिक्चर आत यायला काय हरकत आहे?

नव्या हिंदी डबिंगमध्ये जुने आवाज नाहीत, याबद्दल बऱ्याच जणांनी नाराजी लिहिली. ती मलाही आहे. नवीन कलाकारांनी मनापासून काम केलंय, पण अमरीश पुरींचा रावण ऐकून वाढलेल्या माणसाला दुसरा आवाज रुचायला वेळ लागतो. जुना ट्रॅक चांगल्या स्थितीत असेल तर एखादा खेळ तरी त्या आवाजात लावावा. मात्र मराठी डबिंग झालं तर तिथं नवे आवाजच हवेत आणि ते रंगभूमीवरचे हवेत. दशरथाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन तिथं फुटू देणारे नट आपल्याकडं आहेत. कुंभकर्णाला उठवणारे राक्षस आपल्या बोलीत ओरडले तर पोरं किती खूश होतील!

हे ज्यांना पाठवतोय त्या आपल्या यादीत कोल्हापुरातले कितीतरी नाटकवाले आहेत, चित्रनगरीत काम करणारे आहेत, साउंडवाले आहेत. हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांना आपण सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहू, इंग्रजीत आणि मराठीत. मसुदा मी करतो. थिएटर चालवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही यात घ्या, कारण मराठी खेळ लावायची तयारी त्यांनी लिहून दिली तर पत्राला वजन येईल. सही करणाऱ्यांनी खाली नाव आणि गाव लिहा. आज्जीचं नाव मी पहिलं घातलंय.