‘शिसं पेट्रोलबरोबरच गेलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: शिशाचा प्रश्न पेट्रोल बदललं तेव्हाच मिटला; रक्तात थोडंफार असलं तरी बिघडत नाही; मुलं चंचल, चिडकी होतात ती लाडानं; आणि त्रास झालाच तर औषधानं शिसं निघून मेंदू पूर्ववत होतो. चारही वाक्यं मुलांच्या जिवावर बेतणारी आहेत.

भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल आलं, हे खरंच. पण घरांतल्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीचा ऑइलपेंट आजही खिडक्या-दारांवर आहे. त्याचे पोपडे सुटतात, धूळ होते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिवाय जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या, कल्हईच्या कथलातली भेसळ, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून घातलेलं लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य.

‘थोडंफार’ म्हणजे किती? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं मुलाकडे लक्ष देण्याची पातळी रक्ताच्या दर डेसिलिटरला (१०० मिलीलिटरला) १० मायक्रोग्रॅमवरून २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. याच्या खाली सगळं सुरक्षित, असंही सीडीसी म्हणत नाही. २००५ मध्ये १,३३३ मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा बुद्ध्यांकाची घसरण १० च्या खालीच अधिक तीव्र दिसली.

लाडाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. मेंदूच्या पेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर एकमेकींकडे रसायनं सोडतात. शिसं कॅल्शियमची जागा बळकावतं, मग इशारा नसताना रसायन झिरपतं आणि हवं तेव्हा पुरेसं सुटत नाही. शिकण्यासाठी लागणारे, ग्लुटामेट या रसायनाचा इशारा टिपणारे एनएमडीए रिसेप्टर दबतात, डोपामिन या दुसऱ्या रसायनाचं कामही विस्कटतं. लक्ष टिकवणं, मनातली उबळ आवरणं याच रसायनांवर चालतं. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. कोणाच्या दातात किती निघालं हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. तरी शिसं जास्त असलेल्या मुलांनाच त्यांनी ‘लक्ष नसतं’, ‘उतावळा’, ‘लगेच वैतागतो’ असे शेरे जास्त दिले होते. हे १९७९ साली छापून आलं. प्रत्येक चंचल मुलामागे शिसंच असतं असं नाही, पण तपासण्याआधीच आईबापांना दोषी ठरवणं अन्याय आहे.

आणि औषध? शरीरातलं शिसं बाहेर काढणाऱ्या सक्सिमर या औषधाची ७८० मुलांवर अमेरिकेत चाचणी झाली. रक्तातलं शिसं उतरलं, पण तीन वर्षांनी बुद्धी आणि वागणुकीच्या चाचण्यांत औषध घेतलेली मुलं इतरांपेक्षा पुढे नव्हती. पातळी फार चढली तर हे उपचार जीव वाचवतात, तेव्हा ते टाळू नयेत. मेंदूचं झालेलं नुकसान मात्र त्यानं भरून येत नाही. हाडांत साठलेलं शिसं दशकानुदशकं राहतं आणि गरोदरपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचतं.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, आणि काम संपून फरशी ओल्या फडक्यानं पुसून होईपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई दुसरीकडे राहू द्या.