दारावरचं नाव

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय, सिग्नलवरचे भिकारी. पुण्याहून मामाने एका चौकाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की ह्या सगळ्यांना एकदा गाडीत घालून शहराबाहेर नेऊन सोडलं पाहिजे, त्यावर मावशी म्हणाली अरे दादा त्यात लहान पोरं आहेत, मग कोणीतरी लिहिलं पैसे दिले की सवय लागते, धडधाकट आहेत तर काम का करत नाहीत, आणि अर्ध्या तासात साठेक मेसेज झाले. मी इथे फिनलंडला, हेल्सिंकीत बसून ते सगळं वाचत होते. सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ही माणसं रात्री झोपतात कुठे हे एकानेही विचारलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, साठीचे असतील. इथे कपडे धुवायची खोली सगळ्यांची मिळून एकच असते, तळघरात, नाव लिहून वेळ घ्यायची, आमची वेळ त्यांच्या लगेच नंतरची म्हणून ओळख झाली. वर्षभराने त्यांनी सांगितलं की ह्या घराआधी नऊ वर्षं त्यांना घर नव्हतं, कधी मित्राच्या सोफ्यावर, कधी शेल्टरमध्ये, कधी कुणाच्या जिन्याखाली. इथे बिल्डिंगच्या दारात बोर्डवर प्रत्येक घराचं आडनाव असतं, शिवाय घराच्या दारावर पत्र टाकायच्या फटीपाशीही असतं. काका म्हणाले, बोर्डवर माझं नाव लागलं त्या दिवशी मी तीनदा खाली जाऊन बघून आलो.

त्यांचा फ्लॅट वाय-फाउंडेशन नावाच्या संस्थेचा आहे. १९८५ साली मोठी शहरं, चर्च, रेड क्रॉस, बांधकाम क्षेत्रातल्या संघटना अशा सगळ्यांनी मिळून ती काढली. साध्यासुध्या सोसायट्यांमध्ये एकदोन फ्लॅट विकत घ्यायचे आणि बेघर माणसाला भाड्याने द्यायचे, वेगळी वसाहत करायची नाही, म्हणजे शेजाऱ्याला कळतही नाही. घरं घ्यायला बराच पैसा जुगाराच्या मशीनच्या उत्पन्नातून, अनुदान म्हणून आला. २००८ पासून सरकारनेच धोरण घेतलं की घर आधी. त्याआधी इथेही पायऱ्या होत्या, आधी दारू सोड, मग हॉस्टेल, मग वागणूक बघू, मग घर, आणि माणूस मधल्याच एखाद्या पायरीवरून घसरून पुन्हा रस्त्यावर. आता करार त्याच्या नावाचा, किल्ली त्याची, आणि दारू सोडायला मदत पाहिजे असेल तर ती घरी येते. साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं इथे आल्पिकातु रस्त्यावर अडीचशे खाटांचं शेल्टर होतं, ते पाडून-जोडून त्यांनी ८१ फ्लॅट केले, स्टाफ त्याच इमारतीत. शेल्टर चालवणाऱ्या संस्थेनेच शेल्टर बंद करायचं ठरवलं ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१९८०च्या दशकात ह्या देशात वीसेक हजार बेघर होते, २०२३ला ३,४२९. पुढच्या वर्षी आकडा वाढून ३,८०६ झाला, सरकारने घरभाड्याचा भत्ता कापला त्याच वर्षी. आणि हेल्सिंकीच्या काल्लिओ भागात फुकट अन्नासाठी रांग आजही लागते, तेव्हा इथे गरिबी संपली असं मी म्हणणार नाही.

मामाचं उत्तर मला माहितीये, पंचावन्न लाखांचा देश आणि आपण कुठे. बरोबर आहे, २०११च्या जनगणनेतच आपल्याकडे १७ लाखांवर बेघर होते. पण शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हे माप आपल्याच सरकारी योजनेत लिहिलेलं आहे, ते काही मी फिनलंडहून आणलेलं नाही. दुसरीकडे १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा असा की जगायचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर फिरतोय एवढ्यावरसुद्धा त्याला धरता येतं, पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली हायकोर्टाने २०१८मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली. महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहात काम करणाऱ्यांचा मेहनताना महिन्याला पाच रुपये होता, महिन्याला, तो २०२५मध्ये दिवसाला चाळीस करायचं ठरलं. धरून नेऊन आत ठेवायलाही पैसा लागतोच ना, पोलीस, गाडी, इमारत, पगार.

आणि काम का करत नाहीत हा प्रश्न तर मला सहनच होत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसभर राबतात, मजूर अड्ड्यावर उभे राहतात, हमाली करतात, भंगार वेचतात, लग्नात वाढपी म्हणून जातात. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस केसमध्ये १९८५ साली सुप्रीम कोर्टासमोर हेच आलं होतं, की ही माणसं फुटपाथवर राहतात कारण काम तिथून जवळ आहे. उचलून शहराबाहेर सोडलं तर आहे तो रोजगारही जातो. काहीजण आजारी असतात, मनाने, कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशांना रस्त्यावरून आणून बरं करून घरी पोचवते, तिथे कुणी त्यांना आधी काम कर म्हणत नाही.

गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश आपण शाळेच्या भिंतीवर वाचलाय. त्यात बेघरांना आसरा आधी येतं, बेकारांना रोजगार नंतर. बाबांनी तो क्रम ठरवून लावला का हे मी सांगू शकत नाही, पण परवा मी ग्रुपवर तो तसाच टाकला आणि खाली काकांची गोष्ट लिहिली, नाव न देता. म्हटलं पुण्यात निदान दहा खोल्या अशा करून बघाव्यात, कुठल्याही अटीशिवाय, दारावर नावाची पाटी लावून.

मामाने रात्री उशिरा विचारलं, भाडं कोण भरतं त्यांचं?

मी लिहिलं, थोडं त्यांच्या पेन्शनमधून, उरलेलं भत्त्यातून, दर महिन्याला वेळेवर.