एआय वापरा, पण स्केच झाल्यावर
एका लेखात वाचलं की एआयमुळे इंटिरिअर डिझाईनच्या मुलांना जास्त कल्पना सुचतात, पटतं पण अर्धंच. मी हा विषय शिकवते आणि दरवेळी बघते, मिडजर्नीत (शब्दांवरून चित्र काढणारं एआय) प्रॉम्प्ट, म्हणजे लिहिलेली सूचना, टाकला की चार चकचकीत चित्रं येतात आणि मुलं पहिल्याच चित्राला चिकटून बसतात, मग पुढचं सगळं काम त्याच्याच मागे. अहो त्या चित्रात मापं नसतात! सोफा दारात आलेला, खिडकी एकीकडे आणि उजेड भलतीकडून, व्हीलचेअर वळायला साधारण 1500 मिमी जागा लागते याचा पत्ताच नाही, कारण एआय मॉडेलला खरी जागा कळत नाही, ते चित्रांवरून चित्र काढायला शिकलंय. त्यापेक्षा आधी हाताने बबल डायग्राम (कुठली जागा कुठे ते गोलांनी दाखवणारं कच्चं चित्र), प्लॅन, स्केच करायचं आणि मग स्टेबल डिफ्युजन या चित्र काढणाऱ्या एआयला कंट्रोलनेट, म्हणजे त्याला आपलं स्केच पाळायला लावणारी सोय, जोडून (2023 पासून ही सोय आहे) आपल्याच रेषांवर मटेरियल, रंग, लाईट बदलून बघायचे, हे मला खरंच फार आवडतं, रेषा मुलांच्याच राहतात ना. आणि मार्क देताना नुसता फायनल रेंडर (शेवटचं तयार चित्र) बघू नका प्लीज, कुठली चित्रं टाकून दिली आणि का ते विचारा, मुलं तिथे खूप छान बोलतात.