पाळण्यातले पाय आणि स्केट्सचा नंबर

गेल्या आठवड्यात पहाटे साडेचारला मॅच बघायला उठलो, तर फोनवर टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या धाकट्या बहिणीचा मेसेज येऊन पडला होता. (टोरोंटोत अकरा वर्षं काढली. पुण्याला परत येऊनही आइस हॉकीचं व्यसन काही सुटलेलं नाही.) फॉरवर्ड होता. वर दोन बाणांची खूण, म्हणजे गावभर फिरून आलेला. खाली तिचा प्रश्न: ‘दादा, हे खरंय का रे? यानेपण वाचलंय. ट्रायआउटला जायचं नाही म्हणतोय.’

‘हा’ म्हणजे माझा भाचा, आणि ट्रायआउट म्हणजे हॉकीच्या संघनिवडीची चाचणी. वय वर्षं बारा, जन्म नोव्हेंबरच्या शेवटचा. पाच वर्षांचा असताना रिंकच्या कडेला उकिडवं बसून याच्या स्केट्सच्या नाड्या मी बांधल्यात, त्यामुळे हा मेसेज मला जरा जास्तच लागला हे आधीच कबूल करतो.

मेसेजचं शीर्षक ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’. आशय असा की एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये आपला मुलगा वरच्या नंबरवर जाणार की नाही, हे बाराव्या वर्षीच ओळखता येतं, आणि त्याच्या पाच खुणा आहेत. एक, जन्म जानेवारी ते मार्चमधलाच हवा. दोन, उंची सहा फुटांच्या वर जाणारी हवी. तीन, सोळाव्या वर्षी ज्याचे पॉइंट (म्हणजे स्वतःचे गोल अधिक दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास) जास्त तो वर. चार, पहिल्या नंबरवर गेलेला कधी फुकट जात नाही. पाच, कोण कितव्या नंबरवर जाणार हे यादीत आधीच ठरलेलं असतं. शेवटी ‘आपली मुलं तिथे पोचत नाहीत, भावनेच्या भरात खर्च करू नका’ असा प्रेमळ सल्ला. आणि त्याच्याही खाली, तीनशे डॉलरमध्ये तुमच्या मुलाचं ‘भवितव्य-मूल्यमापन’ करून देण्यासाठी एक फोन नंबर. खर्च करू नका, आम्हाला तेवढे द्या.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली बत्तीस संघांची आइस हॉकी लीग. दर उन्हाळ्यात हे संघ जगभरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांमधून पाळीपाळीने एकेक निवडतात, अशा सात फेऱ्या होतात. तो ड्राफ्ट.

जन्माच्या महिन्यापासून सुरुवात करू, कारण खरं विष तिथे आहे.

मूळ इंग्रजी मेसेजात नुसतं ‘जानेवारी ते मार्च’ असणार. मराठीत उतरवणाऱ्या सद्गृहस्थाने पदरचा मसाला घातलाय: या मुलांची रास मकर किंवा कुंभ असते, दोन्हींचा स्वामी शनी, म्हणून त्यांना चिकाटी आणि ‘बर्फाचं बळ’ मिळतं. अहो, निदान आपलं पंचांग तरी उघडायचं! आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात. चंद्र महिन्याभरात बाराच्या बारा राशी फिरून येतो. जानेवारीत जन्मलेल्या मुलाची रास कर्क असू शकते, तूळ असू शकते, काहीही असू शकते. ज्याला ज्योतिषही धड येत नाही आणि हॉकीही, तो माझ्या बहिणीच्या घरात येऊन पोराला स्केट्स काढून ठेवायला सांगतोय.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. मेसेजात अर्धं सत्य आहे. कॅनडात पोरांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबाने पडतात. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. नऊ-दहा वर्षांच्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे केवढा, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. मोठा दिसणारा वरच्या संघात जातो. तिथे चांगला कोच, जास्त सराव, जास्त वेळ बर्फावर. दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं? हे १९८० च्या दशकापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. माझ्या भाच्यालाही नवव्या वर्षी एका क्लबच्या कोचने दोन मिनिटं पाहून ‘छोटा आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून परत पाठवलं होतं. छोटा होताच तो. त्याच्या शेजारी उभा असलेला पोरगा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा होता.

पण यातून मेसेजवाल्याने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. रॉबर्ट डीनर, एरन लोवेन आणि स्टीफन कोबली या तिघांनी १९८० ते २००६ पर्यंतचे एनएचएल ड्राफ्ट तपासले, आणि २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ते छापून आलं. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू निवडले गेलेल्यांत ३६ टक्के होते. इथपर्यंत मेसेजवाला खूश. पण पुढे त्यांनी प्रत्यक्ष खेळलेले सामने मोजले, तर या मंडळींच्या वाट्याला २८ टक्के सामने आणि २५ टक्के पॉइंट. याउलट जुलै ते डिसेंबरमधले निवडले गेले ३४ टक्केच, पण सामने ४२ टक्के आणि पॉइंट ४४ टक्के त्यांचे. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली पोरं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक जागा खाली निवडली जात होती, आणि चारशे सामने किंवा दोनशे पॉइंट गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी-मार्चवाल्यांच्या साधारण दुप्पट होती.

म्हणजे जन्ममहिना मुलाच्या गुणाबद्दल काही सांगत नाही, निवडणाऱ्यांच्या नजरेबद्दल सांगतो. संघांचे पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, वर्षानुवर्षं एकच चूक करत आलेत, आणि या महाशयांनी ती चूक उचलून पोरांच्या कपाळावर विधिलिखित म्हणून चिकटवली! कुणी म्हणेल, कारण काहीही असो, खाली जाणार तो खालीच जाणार ना? गेला तर जाऊ दे की. खाली निवडला जाणं आणि खेळता न येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या आकड्यांनी तोच दाखवलाय.

अजून एक गंमत, जी मेसेजवाल्याला बहुधा माहीतच नाही. वयोगट १ जानेवारीने पडतात, पण ड्राफ्टची तारीख वेगळी आहे. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारे पात्र. म्हणजे १६ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधल्या पोराला आपल्या बरोबरीच्यांपेक्षा एक आख्खं वर्ष उशिरा जावं लागतं, आणि तोवर तो त्या तुकडीतला थोरला झालेला असतो. माझा नोव्हेंबरचा भाचा लहानपणी सगळ्यांत धाकटा आणि ड्राफ्टला सगळ्यांत थोरल्यांपैकी.

ही कागदी गोष्ट नाही. अलेक्झांडर ओव्हेच्किनचा जन्म १७ सप्टेंबर १९८५ चा. दोन दिवसांनी २००३ चा ड्राफ्ट हुकला. फ्लोरिडाच्या संघाने तर तेव्हा लीप वर्षांचे जादा दिवस मोजा म्हणजे हा अठराचा भरतो, असा युक्तिवाद करून पाहिला. जन्मतारखेच्या बाबतीत आपल्या शाळामास्तरांच्याही वरताण! (आपल्याकडे १ जूनला जन्मलेली आख्खी पिढी आहे. तिला हा मेसेज काय भविष्य सांगणार?) लीगने ऐकलं नाही. ओव्हेच्किन पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. ऑस्टन मॅथ्यूजही १७ सप्टेंबरचाच, १९९७ चा. तोही दोन दिवसांनी हुकला, २०१६ मध्ये पहिला गेला. जॉन टव्हारेस २० सप्टेंबरचा, २००९ ला पहिला. सिडनी क्रॉस्बी ऑगस्टचा, कॉनर बेडार्ड जुलैचा. ‘जानेवारी ते मार्चच’ म्हणे.

आणि २०२५ चा पहिला नंबर? मॅथ्यू शेफर, जन्म ५ सप्टेंबर २००७. आणखी अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर त्या ड्राफ्टलाच बसला नसता, म्हणजे तुकडीतला अगदी शेंडेफळ. त्यात आजारपण आणि मोडलेलं गळ्याजवळचं हाड यांमुळे त्या मोसमात ईरीच्या संघाकडून जेमतेम सतरा सामने खेळलेला. मेसेजातली पहिली खूण नाही, तिसरीही नाही. तरी पहिला.

पॉइंटांचं बोलायचं तर इथे मी मेसेजवाल्याला चार आणे देतो. जुनिअर लीगमधले पॉइंट हे डोळ्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा बरेचदा जास्त खरं बोलतात. पण नुसता आकडा नाही. कोणत्या लीगमधला आणि कोणत्या वयाचा, ते धरूनच. स्वीडनमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळून काढलेले वीस पॉइंट आणि ओंटारिओत समवयस्कांत काढलेले ऐंशी यांची बेरीज-वजाबाकी सरळ होत नाही. बचावपटू आणि गोलरक्षक यांना तर हा गज लागतच नाही. शिवाय इथे विषय बारा वर्षांच्या मुलाचा चाललाय. सोळाव्या वर्षीच्या पॉइंटांवरून बाराव्या वर्षी काय ओळखणार, कपाळ?

उंचीबद्दल: स्काउट उंच पोरांवर भाळतात, खरंय. मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ इंचांचा, त्याला कुणी ड्राफ्टच केलं नाही. २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे चला.

‘पहिल्या नंबरवर गेलेला कधी फुकट जात नाही.’ हे वाचून मी पहाटे एकटाच हसलो. १९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेगला पहिला घेतला. दुसऱ्या नंबरवाल्याला कुणी लक्षात ठेवत नाही, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलून गेला होता. दुसरा होता ख्रिस प्राँगर. तो हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि डेग लक्षात आहे तो या वाक्यामुळे. १९९९ चा पहिला पॅट्रिक स्टेफान. २००७ च्या जानेवारीत समोर रिकामा गोल, गोलरक्षक बाहेर गेलेला, जवळपास चिटपाखरू नाही, आणि पठ्ठ्याने चकती (इथे चेंडूऐवजी तीच असते) सोडून हवा मारली. पडला. तीच चकती घेऊन समोरचे धावत गेले आणि शेवटच्या क्षणांत बरोबरी करून आले. मी ती चित्रफीत किमान पन्नास वेळा पाहिली असेल. उलट्या बाजूला पावेल दात्सुक १७१ वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेऊन गेलेला गोलरक्षक कॉनर हेलेबक १३० वा.

‘क्रम यादीत आधीच ठरलेला असतो.’ कोणत्या यादीत? लीगच्या सेंट्रल स्काउटिंगच्याच चार वेगळ्या याद्या असतात: उत्तर अमेरिकेतले खेळाडू, बाहेरचे खेळाडू, आणि दोन्हीकडचे गोलरक्षक वेगळे. त्या एकत्र करून क्रम लावायचं काम ज्याचं त्याने करायचं. २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेच्या यादीत पहिला होता शेन राइट. जन्म ५ जानेवारी, लहानपणापासून गाजलेला, पंधराव्या वर्षी खास परवानगीने जुनिअर लीगमध्ये घेतलेला. मेसेजमधल्या खुणांचा चालताबोलता पुतळाच. तो चौथा गेला. पहिला घेतला स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की. (तो ३० मार्चचा आहे. सांगून टाकतो, नाहीतर मेसेजवाला सांगेल.) अशीच खास परवानगी मिळालेला शॉन डे ९ जानेवारीचा. तो २०१६ मध्ये तिसऱ्या फेरीत ८१ वा गेला. शिवाय सुरुवातीला कोणाची पाळी, हेही लॉटरीत चेंडू काढून ठरतं. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सना पहिल्या नंबरची शक्यता ३.५ टक्के होती. त्यांनाच लागली.

राहिली ती ‘आपली मुलं’. याला उत्तर द्यायची खरं तर इच्छा नाही, पण बहीण मिसिसागात राहते म्हणून देतो. मॅनी मल्होत्रा मिसिसागातच जन्मला, वडील भारतीय वंशाचे. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा गेला. जुझार खैरा २०१२ मध्ये ६३ वा. त्यांच्याही आधी, १९८९ मध्ये, रॉबिन बावा ड्राफ्ट न होताच एनएचएलमध्ये खेळला होता. आणि अर्शदीप बैन्स. ब्रिटिश कोलंबियातल्या सरी गावचा, जन्म ९ जानेवारी २००१. म्हणजे मेसेजप्रमाणे शनीच्या पूर्ण कृपेतला. कुणीही ड्राफ्ट केला नाही. नंतर त्याने २०२१-२२ मध्ये पश्चिम कॅनडाच्या जुनिअर लीगमध्ये सगळ्यांत जास्त, ११२ पॉइंट काढले, व्हँकूव्हरने करार केला आणि २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. एकाच माणसात पहिली खूण आणि शेवटचा सल्ला दोन्ही खोटे पडले.

माझा भाचा एनएचएलमध्ये जाईल असं मी म्हणत नाही. बहुतेक जाणार नाही. बहुतेक कुणीच जात नाही. पण तो प्रश्न त्याच्या घरात या मेसेजआधी कुणी विचारलाच नव्हता. त्याला शनिवारी सकाळी मित्रांबरोबर खेळायचं असतं, एवढंच.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ती म्हणाली, ‘तू त्यालाच सांग.’ तो फोनवर आला. ओव्हेच्किन आणि लीप वर्षाची गोष्ट त्याला फार आवडली, दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला, ‘मामा, ट्रायआउटला जातो, पण स्केट्स चावतात. अंगठा दुमडून घालावा लागतो.’ पोराचा पाय वाढलाय आणि घरातले सगळे जन्ममहिना बघत बसलेत. बहिणीला म्हटलं, ते तीनशे डॉलर काढ आणि संध्याकाळी दुकानात जा.