पंख पसरून नर-मादी कळते? दर वेळी नाही

"पिल्लाचा पंख पसरा. पिसं लांब-आखूड असतील तर मादी, एकसारखी असतील तर नर. टोकदार अंड्यातून नरच निघतो. जात अंगाच्या रंगावरून कळते." कोंबडीच्या पिल्लांबद्दल असा संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं पहिलं कलम अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त फसवतं.

पंख. पिसं उशिरा फुटवणारा जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. कोंबड्याकडे झेड दोन, कोंबडीकडे एकच, आणि तोही बापाकडून आलेला. म्हणून लवकर पिसं फुटणारा बाप आणि उशिरा फुटणारी आई अशी जोडी लावली, की माद्या बापावर जातात आणि नर आईवर. काही उबवणूक केंद्रं मुद्दाम अशाच जोड्या लावतात. तिथल्या पहिल्या दिवसाच्या मादीची पंखाची मुख्य पिसं वरच्या झाकणपिसांपेक्षा (मुख्य पिसांच्या बुडाशी असलेल्या आखूड पिसांच्या ओळीपेक्षा) ठळक लांब दिसतात. नरात दोन्ही ओळी सारख्या असतात, किंवा मुख्य पिसंच आखूड. दोन-तीन दिवसांत हा फरक जातो, त्यामुळे आठवड्याच्या पिल्लाचा फोटो पाहून निकाल देण्यात अर्थ नाही. शिवाय आई-बाप दोघंही लवकर पिसं फुटणारे असतील, उदाहरणार्थ शुद्ध लेगहॉर्न जातीचे, तर या कसोटीवर सगळी पिल्लं माद्याच ठरतात. चार महिन्यांनी त्यातलीच निम्मी आरवतात.

अंडं. लिंग कोंबडीच्या बीजपेशीत ठरतं. कवच त्यानंतर चढतं, त्याला सुमारे २० तास लागतात. एकाच कोंबडीची अंडी बहुधा एकाच घडणीची असतात, तरी त्यातून नर-मादी दोन्ही निघतात.

रंग. काळं अंग आणि फिकट पोट ऑस्ट्रलॉर्पच्या पिल्लाचंही असतं, पट्टेदार प्लायमाउथ रॉकच्याही. रॉकच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, नरात मोठा आणि विस्कटलेला, मादीत लहान आणि रेखीव. जात ठरवताना तुऱ्याची घडण, पायांचा रंग, पायांवर पिसं आहेत का आणि बोटं किती, हे सगळं एकत्र बघावं. सिल्की आणि डॉर्किंगला पाच बोटं असतात, बहुतेक जातींना चार. आई-बाप दोन वेगळ्या जातींचे असतील तर पिल्लू संकरितच, त्याला एका जातीचं नाव चिकटवू नये.

मग बघायचं काय? एकेरी तुऱ्याच्या जातीत ५ ते ७ आठवड्यांत नराचा तुरा लाल आणि जाड होऊ लागतो. मात्र तुलना त्याच जातीच्या, त्याच वयाच्या पिल्लांशीच करा. लेगहॉर्नच्या तलंगेचा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबडीचा) तुराही मोठा असतो. सगळ्यात भरवशाची खूण १२ आठवड्यांच्या आसपास मिळते. पक्षी हातात धरून शेपटीच्या अलीकडची पाठीवरची पिसं उजेडात बघा. अरुंद, टोकदार, चकचकीत असतील तर कोंबडा. रुंद आणि गोल टोकाची असतील तर तलंग. सिल्कीत ही खूण चालत नाही, तिथे बहुधा आरवण्याची नाहीतर पहिल्या अंड्याची वाट बघावी लागते.

गुदद्वार दाबून लिंग ओळखायचा प्रयोग घरी अजिबात करू नका. त्याला खास प्रशिक्षण लागतं, आणि चुकीच्या दाबाने पिल्लाची आतडी दुखावतात.