वरचं बूच

गिअरबॉक्सचं तेल बदलताना आधी वरचं, म्हणजे तेल भरायचं बूच सैल होतं का ते बघायचं आणि मगच खालचं बूच उघडायचं. हे वाक्य मी परवा बीडच्या एका गॅरेजात तीनदा म्हटलं. पोरानं तिन्ही वेळा "हौ काका" म्हटलं, गाडीखाली सरकला आणि पहिला पाना खालच्या बुचाला लावला.

तेल भळाभळा वाहून गेलं. वरचं बूच गंजून असं बसलेलं की तिसऱ्या झटक्याला त्याच्या कडाच गोल झाल्या. आता मारुती 800 जॅकवर आणि गिअरबॉक्सच्या पोटात थेंब नाही. न्यूट्रलमध्ये ढकलत न्यावी म्हटलं तरी चाकांबरोबर आतला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी जोडणी, कोरडाच फिरणार. थोडक्यात, गाडी गॅरेजवाल्याला दान केल्यासारखी झाली. मिस्तरी जेवायला गेलेला.

तेल बदलायचं कारण साधं होतं. थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकला की कर्रर्र. आधीच्या एका गॅरेजात कुणीतरी ट्रॅक्टरचं 'नव्वद नंबर' ओतलं होतं, डब्यावर तेलाचा दर्जा ठळक लिहिलेला, जीएल-5. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलला हे तेल अमृत, पण त्यातली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर न खरखरता जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगांना खातात. 800 ला जीएल-4 लागतं, 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90. डब्यावरचा हा चारचा आकडा वाचायला कुणाला वेळ नसतो. तेल काळं दिसलं म्हणजे झालं!

निघालेलं तेल मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत मोजलं. दोन लिटरच्या आसपास हवं होतं, सव्वाच निघालं. उरलेलं डाव्या एक्सलच्या सीलमधून महिनोन् महिने थेंबथेंब गेलेलं. निघालेल्या तेलात चुंबक फिरवला तर राखाडी चिकट लेप आला. तो चालतो, दातांची रोजची झीज असते. कणी किंवा तुकडा हाताला लागला तर मात्र घाम फुटावा. बाटली उन्हात धरली तेव्हा आत सोनेरी चमकी दिसली. चुंबकाला न चिकटणारी चमकी म्हणजे पितळ, म्हणजे रिंगाच विरघळत होत्या.

"सोनं निघालं का सायेब?"

हे मामा. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावून सकाळपासून एका टायरवर बसलेले. त्यांच्याकडे चारचाकी नाही, कधी नव्हती आणि घ्यायची इच्छाही नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं. तरी माझ्या गाडीचा आजार त्यांनी गाडी फाटकातून आत येतानाच ओळखला होता.

"गेरबॉक्स उतरवा."

"काहून?"

"आवाज येतोय न्हवं."

मी समजावलं. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये घुरघुर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. पेडल दाबल्यावरच सुरू होते, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. वळताना टकटक, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, त्याचा रबरी बूट फाटला का ते आधी बघा. रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, म्हणून पेडल दाबून तीन सेकंद थांबायचं. तरीही खरखरला, तर क्लच पुरता सुटत नाही, केबल आवळा. पेडलला वरच्या वर दीड-दोन सेंटीमीटर मोकळी चाल ठेवायची. आणि एवढं करून गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ऑइल सील सगळं एकदमच बदलायचं, कारण मजुरी उतरवण्याचीच असते.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आमच्या गावात एकानं लाकडाचा भुसा टाकला व्हता. आवाजच बंद."

हा प्रकार ऐकीव नाही, जुनी गाडी खपवणाऱ्यांची ती जुनी लबाडी आहे. भुसा आवाज गिळतो, गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं आणि महिन्याभरात बेअरिंग खाल्लं जातं. मी हे तावातावानं सांगत होतो तेवढ्यात मामा उठले, बॉनेटमध्ये वाकले आणि गिअरबॉक्सवरच्या एका काळ्या वायरीवर बोट ठेवलं.

"ही मीटरची ना? हिच्या भोकातून वत की."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. स्पीडोमीटरची केबल थेट गिअरबॉक्सच्या पोटात जाते. केबल काढली, तिच्या बुडाचा एक बोल्ट सोडला, लहानसा दातेरी गिअर वर उपसला की आत तेल ओतायला सरळ वाट. मला हे माहीत होतं. गेला पाऊण तास मला हेच माहीत होतं! पण जीएल-4 आणि पितळ समजावताना डोक्यातून निसटलं.

पोरानं नरसाळ्याला सलाइनची नळी जोडली. खालचं बूच नवं वायसर घालून आवळलं, दोन लिटर मोजून ओतलं. दातेरी गिअर परत बसवताना त्याची रबरी रिंग नवी घातली, नाहीतर तिथूनच गळायला लागतं. एरवी सपाट जागी गाडी उभी करून वरच्या भोकातून तेल ठिबकेपर्यंत भरायचं असतं. ते आता जमणार नव्हतं. गोल झालेल्या बुचावर नट वेल्ड करून ते सोडवायला दुसरा दिवस धरावा लागेल. पितळ जेवढं गेलं ते गेलंच. सकाळी पहिले दोन किलोमीटर दुसऱ्या गिअरला दोनदा क्लच मारायचा, दुसरं काय.

मिस्तरी ढेकर देत आला. "कुणाची आयडिया?"

पोरानं मामांकडे बोट केलं. मामांसाठी स्पेशल चहा सांगण्यात आला. बिलात सगळ्यात खाली लिहिलेलं होतं : इतर, चाळीस रुपये. मी विचारलं नाही.

निघताना मामा खिडकीशी वाकले. बशीतला चहा संपवून, मिशा पुसून, पोराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "सायेब, एक ध्यानात ठेवा. आधी वरलं बूच खोलायचं असतंय."

"हौ मामा," मी म्हणालो.